एमएसवाल्या माणसाचा उन्हाळा अन् आमचा लोखंडी कुलर (दोन उन्हाळे वापरून लिहिते आहे)

मागच्या वर्षी होळी झाल्यावर तालुक्याला एका काकांकडून लोखंडी कुलर बनवून घेतला, आता दुसरा उन्हाळा चालू आहे म्हणून लिहायला बसले. कुलर तर आपल्या विदर्भात घरोघरी आहे, त्याच्यात लिहिण्यासारखं काय असं वाटेल, पण मला एमएस आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस, आणि हा आजार असलेल्या माणसाला यवतमाळ जिल्ह्यात टिनाच्या घरात एप्रिल-मे काढायचा म्हणजे काय असते ते ज्याला आहे त्यालाच कळते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्या मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या नसांवर एक आवरण असते, मायलिन म्हणतात, या आजारात आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती ते आवरण खाते. शेतातल्या मोटरच्या वायरचं रबर उंदरानं जागोजागी कुरतडावं तसं. थंडीत कशीबशी लाइन पोचते, पण अंग जरा तापलं, अगदी अर्धा डिग्री, तरी त्या उघड्या जागेवर सिग्नल अडकते. मग डोळ्यापुढं धूसर, पाय जड, बोटं आपली नसल्यासारखी. याला उथॉफ म्हणतात, त्या नावाच्या जर्मन डोळ्याच्या डॉक्टरनं 1890 मध्ये पहिल्यांदा नीट लिहून ठेवलं होतं म्हणे. एमआरआय नव्हता त्या काळात तर पेशंटला गरम पाण्याच्या टबात बसवून आजार ओळखायचे. आपल्याकडं टब कशाला पाहिजे, दुपारी आंगणात गेलं की झालं.

2023 च्या मे महिन्यात दुपारी चुलीपाशी बसले होते, उठायला गेले तर डावा पाय उठेचना. कशीतरी भिंत धरून खोलीत आले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या अगं चप्पल कुठं आहे तुझी, पाहिलं तर एकच पायात, दुसरी दारात सुटून पडलेली आणि मला पत्ताच नाही, त्या तापलेल्या फरशीवरून मी अनवाणी आले होते आणि तळव्याला फोड आला तो संध्याकाळी दिसला. आम्हाला वाटलं एमएसचा नवीन अटॅक आला. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी करून दीडशे किलोमीटर नागपूर, आणि तिथं पोचेपर्यंत पाय निम्मा सुधारलेला. डॉक्टरांनी तपासून समजावून सांगितलं की हा अटॅक नाही, ही गर्मी आहे, अंग थंड झालं की परत येते, नस नव्यानं खराब होत नाही. ताप नसताना, अंग तापलेलं नसताना नवीन त्रास सुरू झाला आणि चोवीस तासाच्या वर टिकला तर लगेच कळवा म्हणाले. हे कोणी आधी सांगितलं असतं तर किती रडणं वाचलं असतं. म्हणून इथं लिहिते आहे, कोणाला तरी कामात पडेल.

आता कुलरचं. एसी परवडत नाही आणि मेमध्ये आमच्या गावात व्होल्टेज एवढं पडते की तो चालणारही नाही. त्याआधी आम्ही एका कंपनीचा प्लास्टिकचा कुलर घेतला होता, नाव लिहीत नाही. दिसायला छान, पण त्याची बटनं गुळगुळीत, बोटं बधिर असली की दाबलं की नाही तेच समजत नव्हतं. खाली चाकं. आणि एमएसवाला माणूस घरात चालतो तो हाताशी जे येईल ते धरत चालतो, पलंग, दाराची चौकट, कपाट. एका दुपारी तोल गेला म्हणून मी तो कुलर धरला, तो सरकला अन् मी त्याच्यासोबत खाली, टाकीतलं पाणी सगळं फरशीवर, वरून वायर चालू. ह्यांनी धावत येऊन आधी मेन स्विच पाडला. त्या दिवशी ठरवलं की हा घरात नको.

तालुक्यातल्या काकांचं दुकान म्हणजे वेल्डिंगचं शेड, उन्हाळ्यात कुलर आणि बाकी वर्षभर गेट-ग्रील. हे फक्त माप द्यायला गेले होते, काकांनी विचारलं घरात पेशंट आहे का, हो म्हटल्यावर म्हणाले मग ताईलेच फोनवर द्या. मला म्हणाले, "ताई, तुमाले बटन कुठं पायजे ते सांगा, मी तिथवर वायर आणतो." आजारी माणसाला थेट कोणी विचारत नाही हो, घरच्यांनाच विचारतात, म्हणून मला ते फार लागलं मनाला.

तर बनवला तो असा. अठरा इंची पंखा, तीन बाजूला वाळ्याच्या ताट्या, कुलर पूर्ण खिडकीच्या बाहेर लोखंडी स्टँडवर, खोलीत फक्त जाळी, म्हणजे मला धरायला काही नाही आणि पडायला काही नाही. बोर्ड पलंगाच्या डोक्याशी, मोठा गोल फिरवायचा रेग्युलेटर, अंधारातही हाताला लागते. छतावरच्या टाकीतून पाइप आणि बॉलकॉक, बकेट उचलायचं कामच नाही. एवढ्या सगळ्याचे 7,800 रुपये झाले, ताट्या धरून.

अर्थिंगबद्दल हात जोडून सांगते. लोखंडी कुलरचा करंट लागून आपल्याकडं दर उन्हाळ्यात माणसं जातात, महावितरण दर वर्षी ओरडून सांगते. आणि आपल्या एमएसवाल्यांच्या हातापायाला तर झिणझिण्या रोजच्याच, बारीक करंट लागला तरी तो आजाराचा की कुलरचा हे कळणार नाही. आम्ही वेगळा खड्डा करून अर्थिंग घेतलं, तीन पिनचा प्लग लावला आणि ईएलसीबी बसवली, म्हणजे करंट गळला की लाइन आपोआप तोडणारा स्विच. पाण्यात हात घालायच्या आधी प्लग काढायचा, बंद करून भागत नाही.

फरक किती पडला तर बाहेर 45 असताना खोलीत 31-32 राहते, भिंतीवर थर्मामीटर लावलं आहे. आम्ही टिनावर पऱ्हाट्याही (कापसाची वाळलेली झाडं) पसरतो, त्याचाही हात आहे. पण एक दार किंवा खिडकी उघडी ठेवावीच लागते, खोली बंद केली की दमट होते आणि मग काही उपयोग नाही. मी ब्लाउज शिवते, आधी सकाळी नऊनंतर मशीनवर बसताच येत नव्हतं. आता दुपारी दोन ते चार बसते. परवा सुईत दोरा पहिल्याच वेळी गेला, दुपारी तीन वाजता, मी जाऊबाईला हाक मारून दाखवला.

तक्रारीही आहेत. आवाज मोठा आहे, फोनवर बोलता येत नाही. आमच्या बोरचं पाणी क्षाराचं, ताट्यांवर पांढरा थर बसतो आणि पंप अडकते, महिन्यातून दोनदा काढून धुवावा लागते. टाकीचं पाणी दर आठवड्याला पूर्ण बदला, डासांसाठी तर आहेच पण आपल्यापैकी बऱ्याच जणांना प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतात, रिटुक्सिमॅब वगैरे, त्यांनी साचलेल्या पाण्याची हवा घेऊ नये असं मला वाटते. लाइट गेली की सगळं संपलं, म्हणून इन्व्हर्टरवर घेतला, पण साइन वेव्हवालाच घ्या, साध्यावर मोटर घुरघुरते आणि तापते. आणि मृगाचा पाऊस पडला की हा कुलर कामाचा नाही, हवाच ओली असते, मग पंखा आणि मानेवर ओला दुपट्टा.

तो दुपट्टा मला अकोल्याच्या एका ताईनं सांगितला, तिलाही एमएस आहे, आठ वर्षं झाली. आम्ही सातजणी फोनवर बोलतो, सगळ्या विदर्भातल्या, एकमेकींना पाहिलेलं नाही. एकीच्या घरी म्हणत होते हिला कामाचा कंटाळा आहे, सकाळी धड असते अन् दुपारीच कशी आजारी पडते, तिला आम्ही उथॉफचं सगळं समजावलं, तिनं नवऱ्याला स्पीकरवर ऐकवलं. 30 मे ला जागतिक एमएस दिवस असतो, बरोबर नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत येते, त्या दिवशी सगळ्या एकदमच बोलायचं ठरलं आहे. मोठी संस्था पाहिजे असेल तर मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया आहे, 1985 पासूनची. आणि 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत आपला आजार नावानिशी आहे, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढा, खिडकीवरच्या माणसाला माहीत नसलं तर यादी दाखवा, मला दाखवावीच लागली.

काकांकडं जायचं असेल तर होळीच्या आधी जा, आम्ही नंतर गेलो तर पंधरा दिवस थांबावं लागलं. खिडकीचं माप न्या, आणि पलंगावर झोपून हात कुठवर पोचते तेही मोजून न्या, ते विचारतात.