रोजगार हमी, किमान वेतन की थेट रोख? कोणत्या मागणीमागे उभं राहावं

बेकारी आणि वर्षानुवर्षं न हलणारी मजुरी, दोन्हींवर एकच उपाय निवडायचा तर माझा कौल रोजगार हमीला आहे. मात्र ती खरोखर हमी असली पाहिजे.

किमान वेतन कामावर असलेल्याला लागू होतं. ज्याच्या हाताला कामच नाही, त्याची मजुरी शून्य. आणि काम सोडून जायला दुसरीकडे थारा नसेल, तर कमी पैशांत राबवणाऱ्या मालकाविरुद्ध तक्रार करणार कोण?

थेट रोखीची बाजू अधिक भक्कम आहे. फिनलंडने 2017-18 मध्ये 2,000 बेरोजगारांना महिन्याला 560 युरो विनाअट दिले. लोक हातावर हात ठेवून बसले नाहीत. उलट कामाचे दिवस किंचित वाढले, मनावरचा ताण हलका झाला. आजारी माणसाला, वृद्धांना किंवा तान्ह्या बाळाच्या आईला पैशासाठी कामाची अट घालणं अन्यायच आहे. तिथे रोखच हवी. पण काम मागणाऱ्याला रोखीतून काम मिळत नाही.

हमीचं खरं बळ दिसतं ते मजुरी ठरवताना. मालक म्हणतो, ‘परवडत नसेल तर जा’, तेव्हा जायला जागा असते. आंध्र प्रदेशात रोजगार हमी योजनेची मजुरी बायोमेट्रिक स्मार्टकार्डमार्फत वेळेत मिळू लागली, तेव्हा गरीब कुटुंबांची कमाई सुमारे 13 टक्क्यांनी वाढली. त्यातली बहुतेक वाढ योजनेच्या कामातून नव्हे, तर बाहेरच्या मजुरीतून आली! मला तरी हा सर्वांत वजनदार पुरावा वाटतो.

उलट अर्जेंटिनाने 2002 च्या संकटात महिन्याला 150 पेसोंवर सुमारे 20 लाख लोकांना सरकारी योजनेच्या कामात सामावून घेतलं, पण नोंदणी काही महिन्यांतच बंद केली. काम मोठं झालं, तरी मागाहून बेकार झालेल्याला दार बंदच. भारताच्या 2005 च्या रोजगार हमी कायद्यानेही ग्रामीण भागापुरते 100 दिवस दिले, तेही माणशी नव्हे, कुटुंबामागे.

म्हणून कुठल्याही प्रस्तावाला पाठिंबा देण्याआधी चार गोष्टी पाहा: काम मागेल त्याला मिळतं का, दिवसांवर मर्यादा आहे का, मजुरी किती दिवसांत हाती पडते आणि काम न दिल्यास भत्ता मिळतो का. मजुरी महिनोन्‌महिने थकवणारं सरकार असेल, तर त्याच्याकडे आधी रोखच मागावी.