सांबऱ्याहून सीबीटीला पंधराशे चाळीस रुपये

सांबरा विमानतळावरून बेळगाव शहर दहा-अकरा किलोमीटर. रस्ता सरळ, बागलकोट रोडचाच. सांबरा सोडलं की मुतगे, निलजी, बसवन कुडची, मग गांधीनगर, पुढं किल्ला आणि मध्यवर्ती बसस्थानक, म्हणजेच सीबीटी. एवढ्या अंतराला आम्हा मायलेकींकडून एका टॅक्सीवाल्यानं १,५४० रुपये काढले. रक्कम ऐकून लोक 'बाप रे' म्हणतात आणि विषय सोडतात. पण ती कशी काढली हे कळलं पाहिजे, म्हणून लिहितेय. चंदगड, गडहिंग्लज, निपाणी, खानापूरकडची माणसं आता विमानासाठी सांबऱ्याला येतात. त्यातल्या पहिल्यांदाच आलेल्यांनी तर जरूर वाचावं.

बहिणीकडं राहून आई आणि मी हैदराबादहून संध्याकाळच्या विमानानं परतलो. आम्हाला सीबीटी गाठून खानापूरची बस धरायची होती. सामान घेऊन दारातून बाहेर पडतो न पडतो तोच एक जण पुढं आला. तिशीतला, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट. आईच्या हातातली पिशवी घेत म्हणाला, "मावशी, कुठं जाऊचं हाय?"

बस्स, तिथंच आई विरघळली. हैदराबादेत महिनाभर तिला बोलायला घरचे सोडून कुणी नव्हतं. इथं दारातच 'मावशी' म्हणणारा भेटला. आपल्या भागात भाषेवरून माणूस आपला की परका हे लगेच ठरतं, आणि हे त्या माणसाला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. शेजारच्या प्रवाशाशी तो तितक्याच गोड कन्नडमध्ये बोलत होता, मागच्या एकाशी हिंदीत.

त्यानं दर सांगितलाच नाही. आधी त्यानं बाकीचे सगळे रस्ते बंद केले, एकेक करून, अगदी काळजीच्या सुरात. मी म्हटलं, रिक्षा बघतो. "रिक्षा आत येऊ देत न्हाईत ओ अक्का, गेटच्या भायेर चालत जावं लागतंय, मावशींना जमणार काय?" मोबाइलवर गाडी बोलावते म्हटलं तर, "येतो म्हणतेत आणि कॅन्सल करतेत, तास जाईल." आईनं बसचं विचारलं. "आत्ता कुठली बस? शेवटची गेली की." तेवढ्यात लांब, रस्त्यावरून लाल बस शहराच्या दिशेनं गेली. आईनं बोट दाखवलं. त्यावरही उत्तर तयार होतं, "ती डेपोला जातेय, रिकामी."

बसच्या पाट्या इथं कन्नडमध्ये असतात. आईला कन्नड बोललेलं थोडंफार कळतं, वाचता येत नाही. सीमाभागातल्या तिच्या वयाच्या कितीतरी बायकांचं तसंच आहे. ज्याला पाटी वाचता येत नाही, त्याला कुणीही काहीही सांगावं. ती बस सिटीलाच जात होती, हे मला नंतर मुतग्याच्या एका मैत्रिणीनं सांगितलं. सांबरा आणि बेळगाव यांच्यामध्ये शहर बस चालते, गावची पोरं त्याच बसनं कॉलेजला जातात. शिवाय शक्ती योजना ११ जून २०२३ पासून सुरू आहे. कर्नाटकात राहणाऱ्या बाईला सरकारी साध्या बसमध्ये पत्त्याचं ओळखपत्र दाखवलं की शून्य रुपयांचं तिकीट मिळतं. आईचं आधार कार्ड पर्समध्येच होतं.

मग दर. "किलोमीटरला वीस, अक्का. जास्त न्हाई. मीटर लावतो, तुमीच बघा." वीस रुपये ऐकायला बरे वाटतात. दहा-अकरा किलोमीटरचे दोनशे-सव्वादोनशे होतील असा हिशेब कुणीही करेल. मीटर म्हणजे काचेजवळ अडकवलेला त्याचा मोबाइल. त्यावर कसलंतरी ॲप, मोठ्या हिरव्या आकड्यांचं. आम्ही बसलो तेव्हाच त्यावर चार किलोमीटर दिसत होते. विचारलं तर म्हणाला, "तुमाला घ्यायला आत आलो न्हवं काय."

गाडीत त्याच्या गप्पा सुरू. खानापूरात कोणत्या गल्लीत, मुलं काय करतात, ऊस गेला काय. मधूनच, "गांधीनगरला लई जाम हाय, हायवेनं घेतो, लवकर पोचूया." आणि किल्ल्याकडं सरळ जायच्या ऐवजी त्यानं गाडी धारवाडच्या बाजूला वळवली. थोड्या वेळानं उजेडात सुवर्णसौध दिसायला लागलं तेव्हा मी ताठ झाले. २०१२ मध्ये उद्घाटन झालेली कर्नाटक विधिमंडळाची ती भलीमोठी इमारत शहराच्या दक्षिणेला, हलग्याच्या माळावर आहे. विमानतळ पूर्वेला. सांबऱ्याहून सीबीटीला जाणाऱ्याला ती दिसायचं काहीच कारण नाही. मी म्हटलं, भाऊ, हे कुठं? त्यानं हसून आईकडं बघितलं आणि म्हणाला, "अक्का बेळगावच्या न्हाईत वाटतंय." आई म्हणाली, "अगं, त्याला रस्ता माहीत असतोय." अलारवाड क्रॉसवरून जुन्या पी. बी. रोडनं आम्ही परत शहरात आलो. मोबाइलवर आकडा २६.

सीबीटीसमोर गाडी थांबली आणि हिशेब सुरू झाला. सव्वीस गुणिले वीस, पाचशे वीस. "आणि रिटर्नचं पाचशे वीस, मला रिकामं जावं लागतंय." वर विमानतळाचं पार्किंग शंभर. एकूण १,१४०. मी भांडायला लागले. डिकी त्यानं उघडलीच नाही, सामान आत. आई खानापूरच्या बसकडं बघत होती. मागं दोन रिक्षा हॉर्न मारत होत्या. डिकी बंद ठेवणं हाच त्याचा खरा हुकमी पत्ता, बाकी बोलणं नुसतं नावाला.

ऑनलाइन देते म्हटलं तर "स्कॅनर चालत न्हाई". म्हणून मी पाचशेच्या तीन नोटा दिल्या. आता इथं नीट लक्ष द्या. त्यानं नोटा घेतल्या, हात खाली गिअरजवळ गेला, वर आला आणि म्हणाला, "अक्का, ही शंभराची दिलाय की ओ." खरंच त्याच्या हातात शंभराची जुनी निळसर-राखाडी नोट होती. गाडीतला दिवा बंद. पाचशेची नोटही राखाडीच, संधिप्रकाशात दोन्हींत फरक कळत नाही. त्यानं शंभर परत दिले, मी आणखी पाचशे दिले, त्यानं तीनशे साठ मोजून परत केले आणि मग डिकी उघडली. आईनं तर त्याला "सॉरी हां बाळा" म्हटलं.

बसमध्ये बसल्यावर पाकीट उघडलं. हैदराबादच्या विमानतळावर एटीएममधून काढलेले दोन हजार होते, चारही नोटा पाचशेच्या. शंभराची नोट माझ्याकडं आलीच नव्हती, तर मी ती देणार कुठून?

गाडी निघताना मी नंबरप्लेटचा फोटो काढला होता. केए २२, म्हणजे बेळगाव आरटीओची, आणि पाटी पांढरी. भाड्याच्या टॅक्सीची पाटी पिवळी असते, अक्षरं काळी. विजेवरची टॅक्सी असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं. पांढऱ्या पाटीची गाडी खाजगी, तिनं पैसे घेऊन प्रवासी नेणं बेकायदा. वाटेत अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा हेच विचारेल. पाटी आधी बघायची, मग बोलायचं, हे मी आता घरातल्या सगळ्यांना बजावलंय.

माझा मावसभाऊ पुढच्या आठवड्यात बेंगळुरूहून आला. त्यानं आवाराबाहेर बागलकोट रोडवर येऊन, रिक्षावाल्याशी आधी पक्कं ठरवून साडेतीनशेत किल्ल्यापर्यंत गाठलं. तेही तसं जास्तच, घासाघीस करता येत असेल तर करावी. पण ठरलं ते ठरलं, वर रिटर्न नाही, पार्किंग नाही. इथल्या रिक्षांना मीटर असूनही तो टाकून कुणी नेईल ही आशा सोडा. त्यामुळं आकडा ठरवायचा तो सामान आत ठेवण्याआधी, आणि 'एकूण किती, सगळं धरून' असं विचारून. किलोमीटरचा दर सांगणाऱ्याला तर हात जोडावेत. पार्किंगचे पैसे कुणी मागितलेच तर छापील पावती मागावी, भरले असतील तर ती त्याच्याकडं असणारच.

वडीलधारी माणसं एकटी येणार असतील तर त्यांना कागदावर कन्नडमध्ये 'बेळगाव सेंट्रल बस स्टँड' लिहून द्या. तो कागद बसच्या पाटीशी ताडून बघता येतो आणि कंडक्टरलाही दाखवता येतो. सामान कमी असेल तर मांडीवर घ्यावं, डिकीत टाकू नये. आणि नोट देताना आकडा मोठ्यानं म्हणावा, "हे पाचशे, हे हजार, हे पंधराशे," शेजारच्याला ऐकू जाईल असं. कुणी नोट बदलायला हात खाली नेला तर तिथंच बोलावं. ११२ फिरवला तर पोलिस येतात, निदान नंबर फिरवताना बघून समोरच्याचा आवाज उतरतो.

तक्रार मी दिली आहे. चौकीतल्या हवालदारांनी मराठीत ऐकून घेतलं, कन्नडमध्ये लिहिलं. सही करण्याआधी मी ते शब्दन् शब्द वाचून दाखवायला लावलं, त्यांनी कुरकुर न करता दाखवलं. त्यात पहिल्यांदा फक्त १,१४० लिहिले होते. नोटेचे चारशे मी वेगळे घालायला लावले. फोटो, तारीख, विमानाचं तिकीट आणि एटीएमची चिठ्ठी जोडली आहे. ती चिठ्ठी आईनं पर्समध्ये ठेवली होती, डॉक्टरांच्या कागदांबरोबर. गाडी कुणाच्या नावावर आहे ते काढायला सांगितलंय असं चौकीतून कळलं, पुढचं बोलावणं अजून आलेलं नाही.