घरपोच वाचनालय: कादंबऱ्या ठीक, पिनेवरून मात्र भांडण

अनामतीतून १८० रुपये कापल्याचा मेसेज आला म्हणून हे लिहायला बसलो. नाहीतर पावसाळ्यापासून ही सेवा घेतोय आणि तक्रार करावी असं फार काही नव्हतं. महिन्याला ३५० रुपये, एका वेळी मोठ्यांची दोन आणि मुलांची चार पुस्तकं, नाशिकरोडच्या जेलरोडला घरी आणून देतात. दर वेळी 'काका, कुंभमेळ्याचे रस्ते खोदलेत' म्हणून दोन दिवस उशीर. तोही मी सोसला. वाचनालयाचं नाव लिहीत नाही, ज्यांची अनामत कापली गेलीय ते ओळखतीलच.

भांडण एका चित्रपुस्तकावरून झालं. चोवीस पानी, गुळगुळीत कागद, चित्रं झकास. नात चार वर्षांची. तिला एक पुस्तक आवडलं की दिवसातून पाच वेळा तेच. एक दिवस दुपारी पुस्तक घेऊन आली, "आबा, मधलं पान सुटलं." फाटलं नव्हतं, सुटलं होतं. पिनेच्या दोन्ही भोकांतून कागद अलगद निघून आला होता आणि भोकांभोवती तांबूस डाग पडला होता.

आता हे सांगायला हवं की मी प्रेसमधून, म्हणजे इथल्या सरकारी छापखान्यातून, निवृत्त झालोय. नाशिकरोडला नुसतं प्रेस म्हटलं तरी कळतं. आपले पासपोर्ट इथे छापतात. पासपोर्टची पुस्तिका छत्तीस पानी, आणि ती मधोमध दोऱ्याने शिवलेली असते, पिन मारलेली नसते. ती दहा वर्षं टिकायला हवी असते, आणि दहा वर्षांत माणूस ती उघडून उघडून किती वेळा उघडेल? चित्रपुस्तक पोरं महिन्याभरात त्याहून जास्त वेळा उघडतात, त्यावर झोपतात, एका पानाला धरून लोंबकळवतात. आणि त्याला तारेच्या दोन पिना!

पिनेचं असं असतं. तार स्वस्तातली असली की आपल्याकडच्या पावसाळ्यात गंज धरते, आणि गंज आधी कागद खातो. चित्रांसाठी घेतात तो आर्ट पेपर जाड, वरून लेप दिलेला. त्याची घडी कागदाच्या धाग्याच्या, म्हणजे आतले तंतू धावतात त्याच्या, आडव्या दिशेने पाडली की लेपाला घडीवरच तडे जातात. मग पिन धरून ठेवायला कागदच उरत नाही. छापणाऱ्याने शीट वाचवायला पानं आडवी बसवलेली असतात, बाकी काही नाही. पान हातात धरून हळूच दोन्ही दिशांनी वाकवून बघा. ज्या बाजूने सहज वाकतं, त्या वाकाची रेघ पुस्तकाच्या कण्याला समांतर हवी. या पुस्तकाची नव्हती.

मी ते पुस्तक शिवलं. पिना काढल्या, दाभणाने घडीत तीन भोकं पाडली, मेण लावलेला दोरा घेतला. मधल्या भोकातून बाहेर, वरच्यातून आत, तसाच आतून खाली जाऊन खालच्या भोकातून बाहेर, परत मधल्यातून आत, आणि आतल्या उभ्या दोऱ्याच्या दोन बाजूंना दोन टोकं ठेवून गाठ. पाच मिनिटांचं काम. पुस्तक आलं होतं त्यापेक्षा मजबूत करून परत दिलं. त्यावर हा मेसेज. फोन केला.

"काका, सिस्टिममध्ये डॅमेज दाखवतंय."

"अहो, मी दुरुस्त करून दिलंय."

"हो ना, म्हणूनच. रिपेअर केलेलं आम्ही घेत नाही."

म्हणजे पान सुटलेलं तसंच पिशवीत टाकून दिलं असतं तर बहुधा कोणी बघितलंही नसतं.

आता कादंबऱ्यांबद्दल, कारण तिथे यांचं कपाट खरंच चांगलं आहे. कृष्णात खोतांची 'रिंगाण' इथूनच मिळाली. २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला आहे. धरणात गाव गेलेला माणूस आणि मागे जंगलात राहिलेली त्याची म्हैस, एवढ्यावर सगळी कादंबरी उभी आहे. सुरुवातीची काही पानं कोल्हापूरकडची बोली कानात बसायला जातात, तिथे सोडू नका. गंगापूर धरणाचं पाणी पिणाऱ्या आपण नाशिककरांनी तर वाचाच. देविदास सौदागर यांची 'उसवण' त्याहून लहान आणि त्याहून सोपी. रेडिमेड कपड्यांपुढे धंदा बसत चाललेल्या शिंप्याची गोष्ट, २०२४चा अकादमीचा युवा पुरस्कार. मला ती जास्त भिडली, हाताचं काम केलेल्या माणसाला भिडेलच. नंदा खरे यांची 'उद्या' २०१४ची, म्हणजे अगदी ताजी नाही, पण माणसाची सगळी माहिती गोळा करून त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या व्यवस्थेबद्दल आजही तितकीच लागू. सौभाग्यवतींनी अर्ध्यावर ठेवली, फार कोरडी म्हणाल्या. मी पुरी केली, पण दिवसाला वीस पानांपुढे गेलो नाही. रंगनाथ पठारे यांचं 'सातपाटील कुलवृत्तांत' घरपोच मागवू नका. मजकूर दमदार आहे, पण एवढं जाडजूड पुस्तक दोन आठवड्यांच्या मुदतीत कोण वाचणार? मुदतवाढीचे वीस रुपये वेगळे.

थोरला नातू सहावीत. त्याला 'जोकर बनला किंगमेकर' दिलं, आपल्या नाशिकच्या संजय वाघांचं, २०२१चा अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार. एका बैठकीत संपवलं आणि पुढचं मागितलं. याहून मोठा अभिप्राय तो देत नाही.

पहिले दोन महिने माझा हिशेब असा होता: कादंबरी तीनशे-चारशेला, आठवडाभर पुरते, म्हणून ती विकत घ्यावी. चित्रपुस्तक पाच मिनिटांत संपतं, त्याला पैसे कशाला, ते भाड्याने आणावं. आता हिशेब नेमका उलटा झालाय. कादंबरी मी एकदाच वाचतो, फार तर सौ. वाचते, मग ती कपाटात धूळ खाते. माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' मात्र मी इतक्या वेळा वाचून दाखवलंय की डोळे मिटून म्हणेन. राधाच्या घरातलं एकेक माणूस, मोजकी वाक्यं, चित्रंही लेखिकेचीच. दमलो की एखादी ओळ गाळून पुढे जायला बघतो, तर नात पानावर हात ठेवते, "आबा, ते राहिलं." तिला वाचता येत नाही हो, पण कोणतं वाक्य कोणत्या चित्राचं ते पाठ आहे. असं पुस्तक पंधरा दिवसांनी परत द्यायचं म्हणजे घरात रडारड. एका वाचनाला किती पैसे पडले हे धरलं तर विकत घेतलेलं चित्रपुस्तक घरात येणाऱ्या छापील कागदात सगळ्यांत स्वस्त, वर्तमानपत्रापेक्षाही. अट एकच, पानं जागेवर राहिली पाहिजेत.

फुकटातलाही मार्ग करून बघितला. प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही वेबसाइट २०१५ पासून आहे, मराठीत भरपूर गोष्टी, पैसे नाहीत, उतरवून छापूनही घेता येतात. पण फोनवर नात चित्राला बोट लावते आणि पान पळतं, मग गोष्ट राहते बाजूला. छापून घ्यावं म्हणून बिटको चौकात विचारलं, तर रंगीत प्रिंटला पानाला दहा रुपये! सोळा पानांचे एकशे साठ. त्यापेक्षा छापील पुस्तक परवडतं.

हे लिहून ठेवलं होतं, तेवढ्यात नवीनच कळलं. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर याच वाचनालयाचं सभासदत्व आहे. त्यांच्याकडे मांजा-पतंगावरून काही बोलायला गेलो, तर सोफ्यावर तेच पुस्तक! माझा दोरा, माझी गाठ. माझ्याकडून १८० रुपये घेऊन, 'आम्ही घेत नाही' म्हणून, तेच पुस्तक यांनी पुढच्या घरी फिरवलं. परत फोन केला. "चेक करून सांगतो काका." अजून चेकच चाललंय. तोवर तीन तारे देणार होतो, ते दोन केले. कादंबऱ्यांच्या निवडीसाठी आहेत तेवढे.

नाशिकमध्ये कादंबरीसाठी महिन्याला ३५० घालवायची तशी गरजही नाही. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रम २००९ पासून चालतो, पुस्तकांची पेटी सोसायटीत येते, वाचणाऱ्याला खर्च नाही. पाच-पंचवीस वाचणारी माणसं गोळा करा की झालं. आमच्या सोसायटीत मी यादी फिरवलीय. पंधरा सह्या झाल्या, पार्किंगच्या भांडणात असलेली दोन घरं सही करत नाहीत.

माझं सभासदत्व महिनाअखेर संपतंय, उरलेली अनामत परत आली की 'चित्रवाचन' घ्यायचं ठरलंय. चित्रं बघून पोरांनीच बोलायचं, आबांच्या घशाला तेवढीच विश्रांती. तुम्हीही घ्यायला गेलात तर कोणतंही चित्रपुस्तक आधी मधोमध उघडा. दोरा दिसला तर किंमत बघा. पिन दिसली तर नखाने पान जरासं ओढा. दुकानदार ओरडला तर म्हणावं, घरी चार वर्षांची मुलगी यापेक्षा जोरात ओढते.