आर्गॉन ट्यूबचा फ्रँक-हर्ट्झ संच: घ्यावा, पण फिलामेंटचा नॉब सांभाळून

फ्रँक-हर्ट्झ प्रयोगात फिलामेंटने तापवलेल्या कॅथोडमधून निघालेले इलेक्ट्रॉन ग्रिडच्या व्होल्टेजने वेग घेऊन वायूच्या अणूंवर आदळतात. व्होल्टेज वाढवत नेला की प्लेटचा करंट चढतो-उतरतो, म्हणजे ग्राफवर पीक आणि दऱ्या येतात, आणि त्यांच्यातल्या अंतरावरून अणूला उत्तेजित करायला लागणारी ऊर्जा कळते. फ्रँक आणि हर्ट्झ यांनी 1914 मध्ये त्यासाठी पाऱ्याची वाफ वापरली होती. पाऱ्याच्या ट्यूबला आजही भट्टी लागते आणि तापमान जरा हललं की ग्राफचा आकार बिघडतो. कॉलेजांसाठी मिळणाऱ्या आर्गॉनच्या संचात ही कटकट नाही, म्हणून एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला हाच बरा.

सुरू केल्यावर पंधरा मिनिटं ट्यूब तापू द्या. दुसरी ग्रिड आणि प्लेट यांच्यातला उलटा व्होल्टेज कमी ठेवला तर दऱ्या उथळ राहतात, जास्त ठेवला तर करंटच मरतो. ट्यूबसोबतच्या कार्डावरचे आकडे पाळा. मग अ‍ॅक्सिलरेटिंग व्होल्टेज शून्यापासून एकेक व्होल्टने वाढवा, पीकजवळ अर्ध्या व्होल्टने. 80 व्होल्टपर्यंत पाच-सहा पीक सहज मिळतात.

जर्नलं चुकतात ती पुढे. आर्गॉनच्या उत्तेजन ऊर्जेवरून वाटतं तसा पहिला पीक 11.6 व्होल्टला नसतोच. कॅथोड आणि ग्रिडच्या धातूंमधल्या काँटॅक्ट पोटेन्शियलमुळे सगळा ग्राफ सरकलेला असतो, म्हणून लागोपाठच्या दोन पीकमधलं अंतरच घ्यायचं. आर्गॉनच्या पहिल्या चार उत्तेजित पातळ्या 11.55 ते 11.83 इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये दाटीवाटीने बसतात आणि हा संच त्या वेगळ्या करू शकत नाही. अर्ध्या व्होल्टच्या रीडिंगवरून कुणी नेमकं 11.62 लिहून आणलं, तर ते कुठून आलं हे विचारावं.

अंतर व्होल्टमध्ये आलं की तोच आकडा इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये उत्तर. त्याला 1.6×10⁻¹⁹ ने गुणून ज्यूलमध्ये नेण्याचा खटाटोप कशाला? उत्तेजित अणू सोडतो त्या प्रकाशाची तरंगलांबी हवी तर 1240 ला (hc, इलेक्ट्रॉन व्होल्ट-नॅनोमीटरमध्ये) 11.6 ने भागा, सुमारे 107 नॅनोमीटर येते. हा प्रकाश अतिनील, त्यामुळे डोळ्यांना काही दिसत नाही. वर्गाला चमकणारे पट्टे दाखवायचे असतील तर निऑनची ट्यूब घ्यावी.

करंट वाढावा म्हणून फिलामेंटचा व्होल्टेज वाढवायचा मोह होतो. तसं केलं की वरच्या व्होल्टेजला आर्गॉनचं आयनीकरण सुरू होतं, करंट एकदम उसळतो आणि खाली येतच नाही. लगेच अ‍ॅक्सिलरेटिंग व्होल्टेज शून्यावर आणा, नाहीतर ट्यूब जाते.

करंट नॅनोअँपिअरमध्ये असल्याने केबल हलली तरी आकडे नाचतात. शील्ड केलेली आखूड केबल आणि नीट अर्थिंग हवंच. व्होल्टेज आपोआप वाढवणाऱ्या ऑटो मोडवर सीआरओत (ऑसिलोस्कोपवर) ग्राफ झटपट दिसतो, पण काही मॉडेलमध्ये एक्स आउटपुट दहाने भागून येतं. ते न तपासता मोजलं तर अंतर 1.16 व्होल्ट भरतं.