खोल बर्फासाठी टायर घेताय? नक्षी नंतर बघा, आधी साइडवॉल दाबून बघा

ऑफरोड टायर घ्यायला गेलेला माणूस आधी नक्षी बघतो. ब्लॉक जितके मोठे आणि खाचा जितक्या खोल, तितका टायर भारी, असा सरळ हिशोब. चिखलात हा हिशोब बऱ्यापैकी जमतो. गुडघाभर भुसभुशीत बर्फात मात्र तोच टायर गाडीखाली खड्डा खणतो. चाक गरगरतं, डिफरन्शियल (दोन चाकांमधल्या आसावरचा गिअरचा डबा) बर्फावर टेकतं आणि चारही चाकं लोंबकळत राहतात. खोल बर्फात कामाला येते ती साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत: ती किती मऊ आहे आणि किती कमी हवेवर न फाटता चालते. हे आइसलँडवाल्यांइतकं कोणाला कळलेलं नाही, म्हणून हा आढावा तिथल्या टायरांपासून सुरू करतो. हिमाचलात स्पिती-सिस्सूला गाडी नेणाऱ्यांसाठी शेवटी वेगळं लिहिलं आहे.

आधी थोडं गणित. टायर जमिनीवर जेवढा दाब टाकतो तो साधारण आतल्या हवेच्या दाबाएवढा असतो, त्यात साइडवॉलच्या ताठपणाची थोडी भर. मारुतीच्या छोट्या जिम्नी जीपचं वजन १,२०० किलो धरलं तर एका चाकावर ३०० किलो येतात. ३० पीएसआय (हवेचा दाब, पौंड दर चौरस इंच) म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २.१ किलो, म्हणजे टायर टेकतो जेमतेम १४३ चौरस सेंटिमीटरवर. पोस्टकार्डाहून जरासं मोठं. हीच हवा ८ पीएसआयवर आणली तर कागदावर ५३५ चौरस सेंटिमीटर होतात. टेकणारा भाग रुंदीत फारसा वाढत नाही, तो लांबीत वाढतो, आणि पुढे सरकायला नेमकी तीच लांबी उपयोगी पडते. आता ७० किलोचा माणूस बूट घालून एका पायावर उभा राहिला तर त्याचा दाब सुमारे ५ पीएसआय भरतो. आइसलँडच्या हिमनद्यांवर ३८ इंची टायर २ ते ३ पीएसआयवर चालवतात. म्हणून जिथे चालणारा माणूस रुततो तिथून दोन-अडीच टनांची लँड क्रूझर वरच्यावर निघून जाते.

या कामासाठी तिथे रुळलेला टायर म्हणजे आर्क्टिक ट्रक्स या आइसलँडच्या कंपनीचा एटी४०५, माप ३८ × १५.५, रिम १५ इंची. रेडियल आहे (आतले धागे आडवे सरळ, म्हणून साइडवॉल लवचीक) आणि साइडवॉल उंच. ३ पीएसआयवर पोट सुटल्यासारखा पसरतो, तरी सुरकुतत नाही. डांबरी रस्त्यावरही सरळ पळतो. या मापाच्या जुन्या बायस-प्लाय (तिरक्या, एकमेकांना छेदणाऱ्या धाग्यांच्या) टायरांची गोष्ट वेगळी होती. ते रात्रभर थंडीत उभे राहिले की खालून चपटे होत आणि सकाळी पहिले काही किलोमीटर स्टिअरिंग थडथडत असे. आजही कोणी स्वस्तात बायस-प्लाय देऊ केला तर रोजच्या गाडीला घेऊ नका.

नोकियनचा हाक्कापेलिट्टा ४४ हा त्याच्या वरचा वर्ग. माप ४७५/७० आर१७, उंची सुमारे ११० सेंटिमीटर, एकेक टायर ७० किलोचा. अंटार्क्टिकाच्या मोहिमांसाठी आर्क्टिक ट्रक्ससोबत मिळून बनवलेला. रबर कडाक्याच्या थंडीतही मऊ राहतं आणि नक्षी बर्फाला धरते, उकरत नाही. पण शनिवार-रविवारच्या भटकंतीला हा घेणं म्हणजे हौसेला मोल नाही. चाक बदलायला दोघं लागतात, बेअरिंग आणि बॉल जॉइंट लवकर जातात.

बीएफगुडरिच केओ२ आणि योकोहामा जिओलँडर ए/टी जी०१५ हे ऑल-टेरेन, म्हणजे सगळ्या प्रकारच्या रस्त्यांचे, टायर ३५ इंचांपर्यंतचे टायर बसणाऱ्या गाड्यांसाठी खरोखर चांगले. दोन्हींवर तीन शिखरं आणि हिमकण हे बर्फाची चाचणी पास झाल्याचं चिन्ह मिळतं, तरी आपल्या मापाच्या टायरवर ते कोरलेलं आहे ना, हे दुकानातच बघा. मात्र या चिन्हाची चाचणी दाबलेल्या बर्फावर होते. खोल बर्फाबद्दल ते काहीच सांगत नाही. नुसत्या ‘एम+एस’ (मड अँड स्नो) अक्षरांवर तर विसंबूच नका, ती फक्त नक्षीच्या घडणीवरून मिळतात. दुसरी नजर लोड रेंजवर, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्या दर्जावर. एकाच नावाचा टायर मापानुसार ‘सी’ किंवा ‘ई’ असतो. ‘ई’ अवजड गाडीसाठी असतो. हलक्या जीपला लावला तर १० पीएसआयवरसुद्धा साइडवॉल फुगत नाही आणि हवा सोडल्याचा फायदा निम्मा वाया जातो. हलक्या गाडीला ‘सी’च घ्या.

मड-टेरेन, म्हणजे चिखलाचा मोठ्या ब्लॉकचा, टायर बर्फ पातळ असेल, खाली घट्ट जमीन असेल, तिथे चालतो. तळ लागत नाही तिथे नाही. आइसलँडमधल्या वर्कशॉपमध्ये मोठ्या ब्लॉकवर यंत्राने बारीक चिरा पाडून देतात, त्याने पकड सुधारते. टायरला ठोकलेले खिळे निसरड्या बर्फासाठी; भुसभुशीत बर्फात त्यांना धरायला काही सापडतच नाही.

मोठा टायर एकटा येत नाही, सोबत खर्च घेऊन येतो. ३१ वरून ३८ इंचांवर गेलात की गिअरिंग सुमारे २३ टक्क्यांनी लांबतं, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात गाडी तेवढी जास्त पुढे जाते आणि इंजिनावर ताण येतो. ४.१ गिअर गुणोत्तराचं डिफरन्शियल असेल तर ५.२९ बसवावं लागतं, नाहीतर लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्येही इंजिन धापा टाकतं. स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ९८ वर असते.

३८ इंची टायरची हवा उतरवायची ती टप्प्याटप्प्याने. बर्फ सुरू होताच १५, मग १०, मग ६. टायरचा ठसा बघत राहा. पुढच्या चाकासमोर बर्फाचा ढीग साचतोय, किंवा सपाटीवर इंजिन ओढतंय, म्हणजे अजून हवा सोडायची वेळ आली. साधा ६० पीएसआयचा गेज इथे निकामी, ० ते १५ चा वेगळा ठेवा. ५ च्या खाली जायचं तर बीडलॉक रिम (टायरची कड, म्हणजे बीड, आवळून धरणारी) किंवा रिमला चिकटवलेला बीड हवाच. नाहीतर आडव्या उतारावर स्टिअरिंग झटक्यात वळवलं की टायर रिमवरून उतरलाच समजा. ३ पीएसआयवर ताशी २५ च्या वर जाऊ नका. गाडी रुतली तर रेस करू नका, आपल्याच चाकोरीतून मागे या आणि हवा निम्मी करून पुन्हा बघा.

परत भरताना कम्प्रेसरची किंमत कळते. ३८ इंची टायरच्या पोटात अंदाजे २१५ लिटर जागा असते. ३ वरून २५ पीएसआयवर न्यायला एका टायरला सव्वातीनशे लिटर हवा, चार टायरना १,३०० लिटर. लायटरच्या सॉकेटला लागणारा मिनिटाला ३० लिटरचा पंप पाऊण तास अखंड चालेल, तोही मध्ये तापून बंद पडला नाही तर. ७० लिटरचा घ्या आणि थेट बॅटरीला जोडा. कमी हवेवर डांबरी रस्त्यावर पळवलं तर साइडवॉल आतून तापते, आणि फुटेपर्यंत बाहेरून काहीच दिसत नाही. हवा भरूनही गाडी थरथरली तर अलाइनमेंटवाल्याकडे पळायच्या आधी रिमच्या आतल्या बाजूला चिकटलेला बर्फ खरवडून काढा. बहुतेक वेळा आजार तेवढाच असतो.

आता आपल्याकडचं. जिम्नीचं माप १९५/८० आर१५, थारचं २५५/६५ आर१८. दोन्हींना आइसलँडचे टायर बसत नाहीत, आणि कंपनीच्या मापापलीकडे जाऊन बॉडी कापली तर आरटीओ आणि विमा दोन्हीकडे अडचण. त्याच मापाचा, चिन्ह कोरलेला ऑल-टेरेन घ्या. साध्या रिमवर १५ ते १८ पीएसआय पुरे, १२ च्या खाली नको. एवढ्यावर घोटाभर बर्फ आरामात निघतो. गुडघाभर बर्फात या गाड्या पोटावर बसतात, तिथे टायर बदलून काही होत नाही. साखळी डिकीत असू द्या, पण ती दाबलेल्या बर्फावर आणि काचेसारख्या रस्त्यावर वापरायची. भुसभुशीत बर्फात ती खोदतेच. साखळी चढवण्याआधी टायरमध्ये पुरती हवा भरा, नाहीतर ती सैल होऊन साइडवॉल कापते. पुण्यातून ३० डिग्रीत भरलेली ३२ ची हवा उणे १० मध्ये आपोआप पाच-सात पीएसआयने उतरते, म्हणून मोजमाप सकाळी, गाडी हलवायच्या आधी.

जुने टायर घेत असाल तर साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे वाचा: ३५२१ म्हणजे २०२१ सालचा ३५ वा आठवडा. पाच-सहा वर्षांपलीकडचा टायर नक्षी भरलेली असली तरी कमी हवेच्या कामाला घेऊ नका. साइडवॉल अंगठ्यांनी वाकवून बघा; बारीक भेगा उघडल्या तर सौदा तिथेच सोडा.