जुन्या गोव्यातला हेरिटेज वॉक, मुलांना घेऊन जाच

रविवारी आईला नि भाच्याला घेऊन जुन्या गोव्यात हेरिटेज वॉक केला, मला तर खूपच आवडला. चर्चं सगळेच बघतात हो, पण वॉकवाल्यांनी सेंट पॉल कॉलेजच्या कमानीखाली चांगला अर्धा तास थांबवलं. आता तेवढीच उरलीय, बाकीचं बांधकाम १८३२ मध्ये पाडलं. जांभ्या दगडाची भिंत नि त्यात काळ्या दगडाचे खांब, हात लावून बघितले, सकाळीच तापलेले. हे कॉलेज १५४१ ला स्थानिक मुलांसाठी सुरू झालं नि १५४८ मध्ये रेक्टर म्हणजे कॉलेजचा प्रमुख म्हणून आलेल्या आंतोनियो गोमिशने त्याच मुलांना बाहेर काढून पोर्तुगीज मुलं भरायला घेतली, शेवटी ख्रिस्ती धर्मगुरू फ्रान्सिस झेवियरने त्याला पदावरून हटवलं. हे ऐकून आई म्हणाली, अरे मग आपल्या पोरांचं काय झालं? गाइडने घाई न करता नीट समजावलं. भारतातला पहिला छापखाना इथेच, १५५६ ला. फक्त सुरुवात पाऊण तास उशिरा झाली नि पाण्याची सोय नव्हती, वयस्कर माणसं असतात ना सोबत, एवढं तरी बघायला हवं होतं.