पेरूच्या फिल्मसाठी डाळिंबाची साल की द्राक्षाचा चोथा?

पदार्थ टिकवण्यासाठी वापरायच्या कायटोसनच्या (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या द्रव्याच्या) पातळ फिल्ममध्ये वनस्पतीजन्य अँटिऑक्सिडंट घालायचं ठरलं की आपल्याकडे दोन टाकाऊ गोष्टी सहज डोळ्यांसमोर येतात: सोलापूर-सांगोला पट्ट्यातल्या डाळिंबाची साल आणि नाशिकच्या वायनरीत उरणारा द्राक्षाचा चोथा. मी दोन्ही पेरूवर वापरून पाहिलं आहे.

नुसत्या अँटिऑक्सिडंट ताकदीवरून निवड करू नये, असं माझं मत आहे. डाळिंबाच्या सालीत प्युनिकॅलॅजिनसारखी टॅनिनं (तुरट द्रव्यं) आहेत, चोथ्यात अँथोसायनिन हे लाल-जांभळं रंगद्रव्य आणि बियांमधली प्रोअँथोसायनिडिन ही टॅनिनं. अँटिऑक्सिडंट ताकद मोजणाऱ्या डीपीपीएच चाचणीत दोन्ही चांगलेच उतरतात. खरा फरक कळतो तो पेरू शीतगृहातून बाहेर काढल्यावर. फळावर दव धरतं, कायटोसन ते पाणी ओढून घेतं आणि लाल वाइनच्या चोथ्यातलं पाण्यात विरघळणारं अँथोसायनिन पेरूच्या सालीवर उतरतं. फिकट हिरव्या पेरूवर जांभळट डाग. फळ आतून कडक आणि गोड असतं, पण गिऱ्हाईक ते सडलेलं समजून बाजूला ठेवतं. टिकवण्यासाठी केलेल्या वेष्टनानंच फळ नासकं दिसावं, हे मला फार लागलं. डाळिंबाचा अर्कही थोडा सुटतो, पण त्याची पिवळसर झाक पेरूवर खपून जाते.

पांढऱ्या वाइनच्या चोथ्यात हा रंग नसतो. मात्र तो आंबवण्याआधीच पिळून काढलेला असल्यानं त्यात साखर राहते आणि वाळवायला जरा उशीर झाला तरी तो फसफसतो. शिवाय वायनरीचा हंगाम साधारण जानेवारी ते मार्च एवढाच. डाळिंबाचे आंबे, मृग आणि हस्त असे तीन बहार असल्यानं साल जवळजवळ वर्षभर मिळते.

मासळीसाठी, ताजेपणा गेला की रंग बदलणारी फिल्म हवी असेल, तर मात्र चोथ्याचं अँथोसायनिनच घ्यावं. तिथे साल उपयोगाची नाही. ताज्या फळांसाठी मी तरी सालच घेईन.

सालीचा अर्क स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यातच काढा. लोखंड लागलं की टॅनिनमुळे तो काळा पडतो. आणि अर्क बेतानं घाला. टॅनिन कायटोसनला घट्ट बांधतं, त्यामुळे जास्त झालं तर घडी घालताना फिल्म तडकते. ती मऊ करायला ग्लिसरीन वाढवलं, तर दमट हवेत बोटांना चिकटते.